ऑफ-रोड रेसिंगच्या गाडीचं सस्पेन्शन कसं ठरतं आणि पैसे नेमके कुठे जातात?

लोणावळ्याजवळचं कुरवंडे गाव सोडून नागफणीच्या (ड्यूक्स नोज) कड्याकडे निघालं की डांबर मागे पडतं आणि सह्याद्रीची खरी जमीन सुरू होते. काळ्या बेसाल्टच्या पायऱ्या, सुटे दगड, पावसाळ्यात लाल चिखल. १६६१ मध्ये करतलब खानाची फौज याच कुरवंडे घाटाने उंबरखिंडीकडे उतरली आणि शिवाजी महाराजांच्या सापळ्यात अडकली. तिथे फौजेचं बळ कमी आणि वाट जास्त निर्णायक ठरली.

ऑफ-रोड रेसिंगमध्येही तेच होतं. इंजिन कितीही ताकदवान असलं, तरी चाक जमिनीवर टेकलेलं नसेल तर ती ताकद वाया जाते. चाक टेकवून ठेवण्याचं काम सस्पेन्शनचं.

सस्पेन्शन नेमकं काय करतं?

सस्पेन्शनचे दोन मुख्य भाग म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर. डॅम्परलाच आपण बोलीभाषेत 'शॉकअप' म्हणतो. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग साठवून घेते. साठलेली ही ऊर्जा डॅम्परमधलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जाताना उष्णतेत बदलते. डॅम्पर निकामी झाला तर गाडी चेंडूसारखी उसळत राहते.

चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्याला 'ट्रॅव्हल' म्हणतात. साध्या कारमध्ये तो ढोबळमानाने १५ ते २० सेंटीमीटर असतो. मेक्सिकोत १९६७ पासून होणाऱ्या 'बाहा १०००' शर्यतीतल्या ट्रॉफी ट्रकचं मागचं चाक ७५ सेंटीमीटरहून जास्त हलतं. हे ट्रक लाखो डॉलरचे असतात.

सर्वांत चांगली रचना कोणती?

याचं उत्तर शर्यतीच्या प्रकारावर अवलंबून आहे.

सॉलिड अ‍ॅक्सल: दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडलेली असतात. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, त्यामुळे हळू वेगात दगडांवरून जाताना पकड चांगली मिळते. रचना मजबूत आणि दुरुस्तीला सोपी. मारुती जिम्नीत पुढे-मागे दोन्हीकडे असा अ‍ॅक्सल आहे. २०२० पासूनच्या महिंद्रा थारमध्ये तो फक्त मागे आहे.

डबल विशबोन किंवा ए-आर्म: प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन त्रिकोणी आर्मवर स्वतंत्रपणे हलतं. खडबडीत जमिनीवर वेगाने जायचं असेल तर हीच रचना सोयीची. मात्र सुटे भाग वाढतात आणि खर्चही.

ट्रेलिंग आर्म: चाकाला पुढच्या बाजूने धरणारा लांब आर्म. मागच्या चाकांना मोठा ट्रॅव्हल देण्यासाठी तो वापरतात.

हिशेब कसा मांडतात?

एक उदाहरण घेऊ. गाडीच्या एका कोपऱ्यावर ६० किलो भार आहे. चाक १० सेंटीमीटर वर गेलं की शॉक ६ सेंटीमीटर दबतो. म्हणजे 'मोशन रेशो' ०.६ झाला.

स्प्रिंगची कडकपणा चाकापाशी मोजताना या आकड्याचा वर्ग घ्यावा लागतो. ०.६ चा वर्ग ०.३६. त्यामुळे दर मिलिमीटरला २० न्यूटनची स्प्रिंग चाकापाशी फक्त ७.२ न्यूटनची वाटते. ६० किलो भाराखाली हे चाक सुमारे ८२ मिलिमीटर दबतं. एकूण ट्रॅव्हल २५० मिलिमीटर असेल, तर त्यातला एक तृतीयांश भाग गाडी उभी असतानाच वापरला जातो. हा भाग फुकट जात नाही. खड्डा आला की चाक तेवढंच खाली उतरून जमीन पकडू शकतं.

आता गाडी उडी मारून खाली आली आणि चाकावर तिप्पट भार पडला असं समजा. चाकावर १८० किलो, पण शॉकवर १८० भागिले ०.६, म्हणजे ३०० किलो. शॉक जिथे चासीला जोडलाय तो ब्रॅकेट १८० किलोच्या हिशेबाने बनवला असेल तर तो तुटण्याचा धोका असतो.

पुण्याचा यात काय संबंध?

'बाहा एसएईइंडिया' ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा २००७ मध्ये सुरू झाली. विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या एकआसनी गाड्या इंदूरजवळच्या पिथमपूरला धावू लागल्या आणि पुण्यातल्या अनेक महाविद्यालयांचे संघ त्यात उतरत आले. पेट्रोल गटात सर्वांना ठरवून दिलेलं एकाच प्रकारचं इंजिन वापरावं लागतं, त्यामुळे खरी चुरस वजन, गिअर आणि सस्पेन्शनमध्ये असते. शेवटच्या चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत आर्म वाकल्याने किंवा जॉइंट तुटल्याने बऱ्याच गाड्या बाहेर पडतात. गाडी किती खर्चात बनली, यालाही स्पर्धेत गुण असतात.

पैसे कुठे जातात?

शॉक: सर्वांत मोठा खर्च बहुतेकदा हाच. हवेच्या दाबावर चालणारे परदेशी शॉक वजनाला हलके असतात आणि पंपाने दाब बदलून कमी-जास्त कडक करता येतात. आयात शुल्क धरून चार शॉकचा खर्च सहज लाखाच्या पुढे जातो. दुचाकी किंवा तीनचाकीचे देशी शॉक त्याच्या अंशभर किमतीत मिळतात, पण ते जड असतात आणि त्यांचा ट्रॅव्हल कमी असतो.

पाइप: ४१३० क्रोमोली पाइप साध्या १०१८ स्टीलपेक्षा मजबूत, पण महाग. मजबुतीमुळे पातळ पाइप चालतो आणि वजन वाचतं.

मशीनिंग: चाक ज्यावर बसतं तो अपराइट अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर कापायचा तर तासांच्या हिशेबाने पैसे लागतात. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमुळे पुण्याच्या संघांना हे काम घराजवळ करून मिळतं. तयार कारचे हब आणि बॉल जॉइंट वापरले तर हा खर्च बराच घटतो.

जादा ट्रॅव्हलची किंमत: ट्रॅव्हल वाढवला की आर्म लांब करावे लागतात, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि सीव्ही जॉइंटही जास्त क्षमतेचे लागतात. म्हणजे एका आकड्यामागे तीन बिलं वाढतात.

काटकसर कुठे करू नये?

वेल्डिंग, बोल्ट आणि रॉड एंड या तीन ठिकाणी. हे भाग तुलनेने स्वस्त, पण तुटले तर चाकच निखळतं. रॉड एंडवर वाकवणारा भार येऊ नये आणि बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार असावा, हा साधा नियम आहे. स्वस्त शॉकमुळे शर्यतीत काही सेकंद जातील. कच्च्या जॉइंटमुळे चालकाचा जीव धोक्यात येतो.

रोजच्या गाडीत असे बदल करता येतात का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. शिवाय गाडी उंच केली की गुरुत्वमध्य वर जातो आणि तिरक्या उतारावर ती उलटण्याची शक्यता वाढते. शर्यतीच्या गाड्या म्हणूनच ट्रेलर किंवा टेम्पोवर लादून ट्रॅकपर्यंत नेतात.