पडद्यावरचे झाकणे आणि उघडणे

संगणकावर काम चालू असताना पडद्यावर काय दिसावे आणि काय झाकावे, ह्या प्रश्नाला चाळीस वर्षांहून अधिक इतिहास आहे. १९८४ साली मॅकिंटॉश आला. त्यावर यादीचे नाव दाबून धरले की आज्ञा खाली उघडत, सोडले की मिटत. त्या क्षणी लागू नसलेली आज्ञा फिकी होई. परंतु आपली जागा सोडीत नसे. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने 'ऑफिस २०००' मध्ये निराळी वाट धरली. क्वचित लागणाऱ्या आज्ञा यंत्र आपणहून झाकू लागले. तळाचा बाण दाबला किंवा थोडे थांबले, म्हणजे त्या दिसत.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील, पुसदच्या किंवा वणीच्या, एखाद्या कचेरीतील कारकून डोळ्यांपुढे आणा. वर्षातून एकदा, मार्चअखेरीस लागणारी आज्ञा नेमकी झाकलेली! ही सोयच यंत्रात नाही, असे तो समजणार. क्वचित लागणे म्हणजे निरुपयोगी असणे नव्हे, हे यंत्राला कोणी सांगावे? 'ऑफिस २००७' मध्ये वर्ड आणि एक्सेल यांतून ती रीत गेली व रिबन आली. ती मिटवणे वापरणाऱ्याच्या हाती राहिले.

झाकण्यास आमचा विरोध नाही. गर्दीत नजर हरवतेच. मात्र झाकणारा हात वापरणाऱ्याचा असावा आणि झाकलेल्याची खूण दिसत राहावी, एवढे हा इतिहास आम्हांस शिकवतो.