खरी खरखर

गिटार या वाद्याशी माझा संबंध परवापर्यंत फक्त ठेच लागण्यापुरता होता. नातू ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी करून ठेवतो. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस तिला धडकला की ती जो स्वर काढते, तेवढंच माझं पाश्चात्त्य संगीत. पण गेल्या महिन्यात नातू आणि त्याचा एक मित्र यांच्यात अशी काही जुंपली, की शेवटी मला पंच नेमण्यात आलं. "आजोबांना यातलं काहीच कळत नाही, म्हणजे ते अगदी निःपक्षपाती," असं माझ्यासमोरच ठरलं. सौ.ने मान डोलावली. आमच्या घरात एकमताने मंजूर झालेला बहुधा हा पहिलाच ठराव.

वाद असा होता. इलेक्ट्रिक गिटार स्वतः जवळजवळ मुकी असते. तिला वाचा देतो तो ॲम्प्लिफायर. मित्राकडे होता व्हॉल्व्हचा खराखुरा ॲम्प्लिफायर, वजन तीसेक किलो. आमच्या चिरंजीवांच्या चिरंजीवांकडे होती चपलांच्या खोक्याएवढी एक पेटी, जिच्यात म्हणे असले कित्येक ॲम्प्लिफायर आकड्यांच्या रूपाने कोंबलेले आहेत. मित्र म्हणे, ही नक्कल आहे. नातू म्हणे, ऐकून ओळखून दाखव.

'व्हॉल्व्ह' हा शब्द ऐकला आणि इतका वेळ पेपरात असलेलं माझं डोकं वर आलं. कारण माझं बालपण व्हॉल्व्हच्या उजेडात गेलं आहे. मिरजेला आमच्या काकांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ लावला की लगेच बोलत नसे. आधी आतले व्हॉल्व्ह तांबूस तापायचे, तापलेल्या धुळीचा वास यायचा, आणि मग घसा खाकरून निवेदक प्रकट व्हायचे. काका जन्मभर एकच काम करत आले : खरखर घालवणे. आणि गंमत अशी, की पलीकडेच तंबोरे करणारे कारागीर बसत आणि ते जन्मभर खरखर आणत असत. तंबोऱ्याची घोडी घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी लावतात, ती दुसरं काय असते? मी काकांना विचारलं होतं, "त्यांना खरखर घालायचे पैसे मिळतात आणि तुम्हाला काढायचे, असं कसं?" काका म्हणाले, "त्यांची सुरात असते, आपली बेसूर." पुढे या विषयावर मी बरंच वाचलं, पण यापलीकडे फारसं काही कुणी सांगितलेलं नाही.

हो, वाचलं. पंच झालो म्हटल्यावर खटल्याचे कागद पाहणं आलंच.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत एक भाग तापवायचा, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगसाहेबांनी एवढं जमवलं. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने मधे एक जाळी बसवली. या जाळीला किंचित वीज दाखवली की धावणारा लोंढा कमीजास्त होतो, जशी दोन बोटांनी तोटी फिरवावी आणि अख्ख्या टाकीचं पाणी मुठीत यावं. इंग्रज त्याला व्हॉल्व्ह म्हणतात. अमेरिकन नुसतंच ट्यूब म्हणतात. आत गेलेली कुजबुज बाहेर गर्जना होऊन पडते, हे तत्त्व तोवर फक्त चाळींना ठाऊक होतं.

आता या कथेत येतो लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा हा गृहस्थ शिकला हिशेबनिसी, मंदीत नोकरी गमावून बसला आणि १९३८ साली त्याने रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. म्हणजे आमच्या काकांचा व्यवसायबंधूच. लहानपणीच त्याचा एक डोळा गेला होता आणि गिटार तर त्याला शेवटपर्यंत वाजवता आली नाही. जगाला गिटार आणि ॲम्प्लिफायर पुरवणाऱ्या माणसाला गिटार येऊ नये, याचं मला तरी आश्चर्य वाटलं नाही. आमचे एक हेडमास्तरही असेच होते. फेंडरचा हेतू काकांसारखाच सोज्ज्वळ होता : आवाज मोठा हवा, पण स्वच्छ.

घात केला तो वाजवणाऱ्यांनी. ॲम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज मागितला की आवाजाच्या लाटेचे शेंडे चेपले जातात आणि त्या चेपण्यातून मुळात नसलेले वरचे सूर उमटतात. इंजिनिअरच्या भाषेत हा बिघाड. पण व्हॉल्व्ह बिघडतो तो खानदानी रीतीने. दुकान बंद करताना वाणी शटर निम्मं ओढून घेतो, पण ओळखीचं माणूस दिसलं तर वाकून अर्धा किलो साखर देतो, तसे व्हॉल्व्ह लाटेचे शेंडे हळूहळू, गोलाईने चेपत जातात. आणि पोरांना नेमकी ही निम्म्या शटरखालची साखर आवडली.

१९५१ साली मेम्फिसला 'रॉकेट ८८' या गाण्याचं ध्वनिमुद्रण होतं. वाटेत ॲम्प्लिफायरला अपघात झाला, स्पीकरचा पडदा फाटला. कुणी म्हणतं गाडीवरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी फाटक्या जागी कागद कोंबला आणि मुद्रण उरकलं. ती भसाडी गिटार लोकांना भलतीच आवडली. १९६४ साली लंडनच्या 'किंक्स' मंडळींतल्या डेव्ह डेव्हिसने तर अपघाताचीही वाट पाहिली नाही. त्याने आपणहून दाढीच्या पात्याने स्पीकर चिरला. आमच्या काकांच्या दुकानात हा मुलगा आला असता, तर काकांनी आधी ॲम्प्लिफायरला आणि मग त्याच्या वडिलांना हात घातला असता.

तिकडे लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल नावाच्या ढोलवाल्याचं दुकान होतं. फेंडरचा माल अमेरिकेतून येणार, म्हणजे महाग. १९६२ साली केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या दोघांना हाताशी धरून त्याने फेंडरच्या 'बासमन' ॲम्प्लिफायरची जवळजवळ जशीच्या तशी आवृत्ती काढली. सुटे भाग मात्र तिथे मिळतील ते. त्यामुळे ती थोडी वेगळी वाजली, आणि हाच पुढे जगप्रसिद्ध 'मार्शल आवाज' झाला. हे वाचताना पंचाने पेन्सिलने खूण केली. कारण ज्या 'अस्सल' आवाजाची शपथ घेऊन आमचा फिर्यादी उभा होता, त्याचीच जन्मपत्रिका नकलेची निघाली!

पुढे सगळी चढाओढच. १९६६ साली एरिक क्लॅप्टनने स्टुडिओत मार्शल इतका मोठा लावला, की इंजिनिअर हवालदिल झाला. क्लॅप्टनने आवाज काही कमी केला नाही. 'द हू'च्या पीट टाउनशेंडने त्याआधीच आठ स्पीकरांचं एकच कपाट करून घेतलं होतं. ते उचलणाऱ्यांच्या कमरा बोलायला लागल्या, तेव्हा त्याचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवायची पद्धत पडली. संगीताचा इतिहास हमालांनीही घडवला आहे, पण हे पुस्तकात कोपऱ्यात सापडतं.

दरम्यान ट्रान्झिस्टर आला होता. १९४७च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जन्मला आणि काही वर्षांत मिरजेला पोचला. लहान, स्वस्त, न तापणारा, न फुटणारा. पण गिटारवाल्यांचं आणि त्याचं जमेना. ट्रान्झिस्टर म्हणजे सरकारी खिडकी. पाच वाजेपर्यंत चोख काम, आणि पाचच्या ठोक्याला खिडकी धाडकन बंद. लाटेचा शेंडा तो सुरीने कापल्यासारखा कापतो आणि कान किरकिरतात. जगाने व्हॉल्व्ह फेकून दिले, गिटारवाल्यांनी ते छातीशी धरले.

काकांना मात्र असं छातीशी धरायला कुणी आलं नाही. ट्रान्झिस्टर दुरुस्त करायलाही ते शिकले, पण नंतरनंतर लोक दुरुस्त करीनासे झाले, नवाच घेऊ लागले. दुकान आवरलं तेव्हा एक पेटीभर व्हॉल्व्ह निघाले. ते भंगारवाल्याला काचेच्या भावाने मी दिले. मीच. काका पायरीवर बसून पाहत होते. "ई.एल. ८४ तेवढे वर ठेव, नाजूक असतात," एवढंच म्हणाले. परवा वाचलं, की घरगुती रेडिओत बसणारा हाच ई.एल. ८४ बीटल्सनी वाजवलेल्या 'व्हॉक्स' ॲम्प्लिफायरात चार-चार असायचा. आज व्हॉल्व्ह बनतात ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं, रशियातून निर्यात अडली, आणि गिटारवाल्यांनी एकेकाळी आपण रॉकेलसाठी जी धावाधाव करत होतो, ती व्हॉल्व्हसाठी केली. ती पेटी मला त्या दिवशी फार आठवली.

मग आली आकड्यांची नक्कल. आवाजाचे सेकंदाला चव्वेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजमाप घ्यायचं आणि 'इथे व्हॉल्व्ह असता तर काय केलं असतं' याचं गणित दर वेळी मांडायचं. १९९५ साली रोलंडने आणि १९९८ साली लाइन ६ने असली यंत्रं काढली. दुसरं तर लाल राजम्याच्या दाण्यासारखं दिसायचं. सुरुवातीची गणितं ढोबळ होती. हळू वाजवा की जोरात, आवाज जणू छापील. २०११ साली केंपर नावाच्या जर्मनाने खऱ्या ॲम्प्लिफायरला ठराविक ध्वनी ऐकवून, त्याचे जबाब नोंदवून घ्यायची युक्ती काढली. आता तर संगणक काही मिनिटांचं वादन ऐकून स्वतःच शिकतो. २०१९ साली खुद्द फेंडर कंपनीनेच आपल्या जुन्या 'ट्विन रिव्हर्ब'ची आकडेवारी आवृत्ती काढली. मूळ २९ किलोंचा, नवा १५ किलोंचा. आणि जुन्याच्या ८५ वॉटची नक्कल करायला नव्यात २०० वॉट घालावे लागले. म्हातारा माणूस होणं सोपं नाही, हे मी घरात कधीपासून सांगतोय.

म्हणजे पाहा, जो बिघाड काढण्यासाठी एका पिढीचे इंजिनिअर झिजले, तोच हुबेहूब घालण्यासाठी दुसऱ्या पिढीचे झिजत आहेत. तंबोऱ्यापेक्षा निराळं काय झालं? तिथेही जवारी आली आणि आता विजेवरच्या पेटीतून तिची नक्कलही येते.

अखेर निकालाचा दिवस उजाडला. मुद्रित केलेले दहा तुकडे मला ऐकवले. माझे पाच बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. मित्राचे सहा आले आणि त्याचा चेहरा पडला. मग नातवाने सहज म्हणून तो जड ॲम्प्लिफायर स्वतः वाजवून पाहिला. पहिल्याच झंकाराला शोकेसमधल्या बश्या बोलल्या. नातू थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आजोबा, हा पोटऱ्यांना लागतो." कारण सरळ आहे. पेटी नक्कल करते ती बहुधा मायक्रोफोनने ऐकलेल्या ॲम्प्लिफायरची. खोलीतली हवा ढकलणं हे काम त्याच्या हेडफोनचं नव्हे. तीच पेटी तेवढ्याच मोठ्या स्पीकरला जोडली, तर हाही फरक बराचसा मिटतो. पंचाने तसं नोंदवून ठेवलं.

एवढ्यात ॲम्प्लिफायर कुरकुरायला लागला. ठराविक सुराला आतून 'टिण्ण' असा नाद. दोघांनीही फोन काढले आणि इलाज शोधू लागले. मी म्हटलं, "पेन्सिल आणा." मागची जाळी काढली. आत शेकडो व्होल्ट असतात, म्हणून डावा हात खिशात घातला आणि लाकडी पेन्सिलीने एकेका व्हॉल्व्हच्या काचेवर हलकेच टिचकी मारली. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्याने स्पीकरमधून घंटेसारखा जबाब दिला. "हा बदला," मी म्हटलं.

पोरं बघत राहिली. सौ. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, हात खिशात घालून असे वाकलात ना, अगदी मिरजेच्या काकांसारखे दिसलात. खाकरलात पण तसेच."

मी नातवाला म्हटलं, निकाल राखून ठेवला आहे.