रिमखाली जाण्याचा गुन्हा: बुटक्या गाड्यांचा इतिहास

1958 च्या आरंभी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक चमत्कारिक नियम अमलात आला. मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाडीचा, चाके वगळता, कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा जमिनीच्या अधिक जवळ असता कामा नये. मोटारींप्रमाणेच 6,000 पौंडांखालील (सुमारे 2,720 किलो) मालवाहू गाड्याही या कक्षेत होत्या; म्हणजे पिकअप ट्रकही आलाच. वेग नव्हे, धूर नव्हे, गाडीचे बुटकेपण हाच अपराध!

हा नियम कोणाला बोचणार होता, हे उघड होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या हाती जुन्या शेव्हरोले गाड्या आल्या. त्या काळी हॉट रॉडवाले वेगामागे धावत होते. या तरुणांनी नेमका उलटा मार्ग धरला. डिकीत वाळूची पोती टाकून किंवा स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली बसवायची आणि व्हिटियर बुलेवार्डवरून संथ मिरवायची. ज्या शहरात त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नसे, तेथे ही मिरवणूक पाहावीच लागे.

नियमामागचे कारण अगदीच पोकळ नव्हते. टायर अचानक बसला तर गाडी रिमवर टेकते आणि त्याखाली लोंबणारा भाग रस्त्यावर घासतो. परंतु अशा नियमामुळे पोलिसाला गाडी थांबवण्याचे आयते निमित्त मिळते, आणि मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत ते वारंवार वापरले गेल्याची तक्रार पुढे अनेक दशके होत राहिली.

1959 च्या सुमारास रॉन अगिरे या तरुणाने विमानांचे हायड्रॉलिक भाग आपल्या कॉर्व्हेटला बसवले. आता गाडी मनात येईल तेव्हा खाली आणि पोलीस दिसताच वर! कायद्याच्या मोजपट्टीला इतके चपखल उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

पिकअपचा मागचा भाग मात्र निराळाच हट्टी. त्याचे पाटे मालाचे ओझे पेलण्यासाठी घडवलेले असल्याने रिकाम्या ट्रकची शेपटी उंच राहते. पुढची व मागची बाजू सारखीच खाली आणली तर ट्रक नाकावर वाकल्यासारखा दिसतो. म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा अधिक इंच उतरवावी लागते.

पुष्कळ मोठ्या पिकअपमध्ये पाटे अॅक्सलच्या वर बसलेले असतात. ‘फ्लिप किट’ हा क्रम उलटवते: चासी भक्कम स्टँडवर टेकवायची, यू-बोल्ट सोडवायचे, अॅक्सल पाट्यांच्या खालून काढून वर बसवायचा. स्प्रिंग तीच, चाके तीच, तरीही ट्रक पाचसहा इंच खाली येतो. ज्या छोट्या ट्रकांत पाटे मुळातच अॅक्सलखाली असतात, तेथे दोहोंमध्ये लोखंडी ठोकळा घातला की काम भागते.

पण गणित येथे संपत नाही. अॅक्सल चासीच्या इतका जवळ येतो, की पहिल्याच खड्ड्यात तो तिच्यावर आदळेल. म्हणून त्या जागी चासीला अर्धचंद्राकृती खाच पाडून भोवती इंग्रजी ‘सी’च्या आकाराचे पोलादी कवच बोल्टांनी जखडतात. ट्रकच्या कण्यालाच करवत लावायची, त्यामुळे कवच कमजोर असेल तर चासी तेथेच वाकते. शॉक अॅब्सॉर्बरही आखूड लागतात, आणि पाट्यांना दबायला जागा उरत नसल्याने पूर्वीइतके ओझे लादता येत नाही. ज्या कामासाठी ट्रक जन्मला, त्याचाच काही अंश दिसण्यापायी सोडून द्यायचा असा हा सौदा.

1980 च्या दशकात तरुणांनी तो आनंदाने केला. स्वस्त जपानी छोट्या पिकअप हाताशी होत्या. त्या उतरवून सजवण्याचा ‘मिनी-ट्रक’ पंथच उभा राहिला. त्याच सुमारास अनेक शहरांनी संथ मिरवण्यावरच, म्हणजे ‘क्रूझिंग’वर, बंदी घातली, सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीने ती 1992 मध्ये आणली आणि 2023 मध्ये मागे घेतली. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा केला. 1 जानेवारी 2024 पासून शहरांचा क्रूझिंगबंदीचा अधिकार संपला आणि खाली उतरवलेल्या प्रवासी मोटारींवरचे रिमचे बंधनही उठले, पहिल्या नियमानंतर 66 वर्षांनी.