उत्तीर्णांच्या यादीबाहेरचे नाव

कलकत्ता विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हा त्याच्या नियमकर्त्यांनी विद्यार्थिनीची कल्पनाच केली नव्हती. १८७६ साली डेहराडूनच्या चंद्रमुखी बसू प्रवेश परीक्षेस बसल्या. त्यांनी उत्तीर्ण होण्याइतके गुण मिळवले. तरीही स्त्री असल्यामुळे अधिकृत यादीत त्यांचे नाव आले नाही. विद्वत्ता सिद्ध झाली होती, नियम मात्र मागे राहिले होते. अखेर १८७८ साली सिनेटने स्त्रियांना परीक्षेचे द्वार खुले केले आणि त्याच वर्षी कादंबिनी बसू प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

१८८३ च्या पदवीदान समारंभात या दोघींनी बी.ए.ची पदवी स्वीकारली. ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांना पदवी मिळण्यास १९२० साल उजाडावे लागले, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे चंद्रमुखींनी एम.ए. होऊन बेथून महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले, तर विवाहानंतर गांगुली झालेल्या कादंबिनींनी वैद्यकीय शिक्षण घेऊन रुग्णसेवा केली.

आज शाळेच्या पटावर मुलीचे नाव सहज लिहिले जाते. यादीबाहेर राहिलेल्या त्या एका नावाचे ऋण या सहजतेवर आहे.