पद मिळाले, अधिकार नाही

बेसबॉल हा अमेरिकेचा चेंडूफळीचा खेळ. आपल्याकडे तो फारसा परिचित नाही. परंतु त्यातील एका माणसाची हकीकत कामकरी वर्गाने ऐकण्याजोगी आहे, म्हणून आम्ही ती येथे मांडीत आहोत.

बक ओ’नील यांचा जन्म १९११ साली फ्लॉरिडात झाला. लहानपणी त्यांनी शेतात भाजीच्या पेट्या वाहिल्या. गावच्या हायस्कुलाचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते, तसेच बड्या बेसबॉल संघांचेही. संघांची ही बंदी म्हणजे मालकांची आपसांतील समजूत. आणि न लिहिलेला करार मोडणे किती अवघड, हे चळवळीतल्या माणसाला सांगावयास नको. कृष्णवर्णीय खेळाडूंचे संघ त्यामुळे वेगळे असत. त्यांपैकी कॅन्सस सिटी मोनार्क्समध्ये ओ’नील १९३८ साली आले. १९४८ पासून १९५५ पर्यंत त्या संघाचा कारभार त्यांच्याच हाती होता. कोणाला खेळवावयाचे, कोठे उभे करावयाचे, हे ते ठरवीत.

१९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरले आणि भिंत फुटली. पण फुटली ती खेळाडूंपुरतीच. पुढे शिकागो कब्ज संघाने ओ’नील यांना गुणी खेळाडू हेरण्याच्या कामावर घेतले व १९६२ साली प्रशिक्षक नेमले. बड्या संघांतील ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक होत. मालक फिलिप रिग्ली यांनी त्या वेळी एका प्रमुखाऐवजी प्रशिक्षकांचे मंडळ ठेवून त्यांतून आळीपाळीने प्रमुख करण्याची पद्धत घातली होती. ओ’नील यांची पाळी कधीच आली नाही. सामना चालू असता मैदानाच्या कडेला उभे राहून धावणाऱ्यास इशारे देण्याचे कामही त्यांना मिळाले नाही. आठ वर्षे संघ चालविलेला माणूस बाकावर बसून राहिला. आणि त्या वर्षी तो संघ १०३ सामने हरला!

या नेमणुकीला विजय म्हणावे काय? आमच्या मते म्हणावे, पण अर्धा. बड्या संघाचा प्रमुख होण्याचा मान कृष्णवर्णीयाला मिळाला तो १९७५ साली, क्लीव्हलंड येथे फ्रँक रॉबिन्सन यांना. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत अठ्ठावीस वर्षे!

२००६ साली जुन्या कृष्णवर्णीय संघांशी संबंधित १७ व्यक्तींना बेसबॉलच्या सन्मानमंदिरात स्थान मिळाले. त्यांत ओ’नील नव्हते. तरी त्या दिवंगतांच्या वतीने तेच बोलले. त्याच वर्षी ते वारले. त्यांचा सन्मान झाला २०२२ साली.

मान मागाहून देता येतो, हिरावलेले काम देता येत नाही. म्हणून वाटाघाटीला बसाल तेव्हा नुसते पद मागू नका. त्या पदाचे अधिकारही कागदावर लिहून घ्या.