वाळूच्या जागी काच

पाचोरा-भडगाव भागात घर बांधायचं तर वाळू गिरणा नदीची. ते पात्र आणखी किती खरवडायचं, या काळजीपोटीच फुटक्या बाटल्यांचा चुरा काँक्रीटमध्ये घालण्याची युक्ती मला मोलाची वाटते. या युक्तीची कुळकथा मात्र काचेवरच्या संशयापासून सुरू होते.

कॅलिफोर्नियात रस्ते आणि पूल कारण कळेना असे तडकत होते. तिथल्या महामार्ग खात्यातले अभियंते थॉमस स्टँटन यांनी १९४० साली त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. सिमेंटमधली अल्कली काही दगडांतल्या सिलिकाला विरघळवते, त्याचा चिकट गर होतो, तो पाणी शोषून फुगतो आणि काँक्रीट आतून फाटतं. बाटलीच्या काचेत सत्तर टक्क्यांच्या आसपास सिलिकाच, आणि तीही स्फटिकासारखी घट्ट रचलेली नाही. पुढे प्रयोगशाळेत ही फूग मुद्दाम घडवायची झाली, तर पायरेक्स काचेचा चुराच वापरू लागले. १९६३ साली शोभेच्या भिंतींतली काच तपासली गेली, १९७४ साली खडीऐवजी काच घालून पाहिली गेली. फुगण्याचं दुखणं दोन्हीकडे आडवं आलं.

वाट सापडली ती दाण्याच्या मापात. १९९०च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ख्रिश्चन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की दाणा लहान होत गेला तशी फूग आधी वाढते, मिलिमीटरच्या आसपास कळस गाठते आणि त्याहून बारीक दळलं की उतरते. हिरव्या काचेचा त्रास मुळातच कमी. काच पिठासारखी झाली की ती उलट चुन्याशी जुळून सिमेंटला बळ देते. अशा काचपुडीसाठी अमेरिकेत २०२० साली मानकही आलं.

आपल्याकडे हे ज्ञान बैलाने ओढायच्या चुन्याच्या घाणीत होतं. भाजलेल्या विटांची सुरखी चुन्यात मळून जुने वाडे आणि बंधारे उभे राहिले, ते याच गुणावर. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राची राखही त्याच कुळातली. ती मिसळली तर जाड काचेची फूगसुद्धा आवरता येते.

तेव्हा भंगारात गेलेल्या बाटल्यांना सुरुवात करून द्यावी ती पेव्हर ब्लॉकपासून, स्लॅब किंवा कॉलमपासून नव्हे. आणि बाटल्या आधी नीट धुवायच्या, कारण सरबताची साखर उरली तर सिमेंट वेळेवर धरत नाही.