उपराष्ट्रपती (भारत)

उपराष्ट्रपती : राष्ट्रपतींच्या खालोखालचे घटनात्मक पद. संविधानाच्या अनुच्छेद ६३ ते ७१ मध्ये त्याविषयीच्या तरतुदी आहेत. उपराष्ट्रपती राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात आणि पदाचे खरे वजन तिथेच आहे. वेतनही सभापती म्हणूनच मिळते.

निवडणुकीत संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सर्व सदस्य मतदान करतात. राष्ट्रपतिनियुक्त सदस्यांनाही मताधिकार असतो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तो नसतो. विधानसभांचे आमदार मात्र या मतदानात नसतात. प्रत्येक मताचे मूल्य एक. मतदान गुप्त असते, पक्षादेश काढता येत नाही. मतदार उमेदवारांपुढे १, २ असा पसंतिक्रम लिहितो. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते कुणालाच न मिळाल्यास सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो व त्याची मते पुढील पसंतीप्रमाणे वाटली जातात. मूळ संविधानात या निवडणुकीसाठी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची अट होती. ती १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने गेली. उमेदवाराचे वय किमान ३५ वर्षे, तो राज्यसभेवर निवडून येण्यास पात्र आणि लाभाचे पद नसलेला असावा लागतो. अर्जावर २० सूचक व २० अनुमोदक खासदारांच्या सह्या लागतात.

सर्वपल्ली राधाकृष्णन १९५२ व १९५७ मध्ये बिनविरोध निवडून आले. २००२ मध्ये भैरोसिंह शेखावत यांनी सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांचा पराभव केला. ९ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ मते मिळवून विजयी झाले, बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मते पडली. १५ मते अवैध ठरली. मतदार खुद्द खासदार असताना असे घडावे, ही खेदाची गोष्ट आहे.

सभापती सभागृहाचे सदस्य नसतात. समसमान मते पडली तरच ते निर्णायक मत देतात. राज्यसभा सदस्यांच्या पक्षांतराच्या तक्रारींचा निर्णयही तेच करतात. मुदत पाच वर्षांची. पदच्युतीचा ठराव १४ दिवसांच्या पूर्वसूचनेनंतर राज्यसभेतच मांडता येतो. तिथे तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताने तो मंजूर व्हावा लागतो आणि लोकसभेची संमती लागते.

राष्ट्रपतिपद रिक्त झाल्यास उपराष्ट्रपती कार्यभार सांभाळतात. उर्वरित मुदत मात्र त्यांना मिळत नाही. सहा महिन्यांत नवी निवडणूक घ्यावी लागते. या काळात ते सभापतीचे काम पाहत नाहीत. मे १९६९ मध्ये झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर व्ही. व्ही. गिरी यांनी कार्यभार घेतला, पण निवडणूक लढवण्यासाठी जुलैत राजीनामा दिला. तेव्हा त्याच वर्षी केलेल्या कायद्यानुसार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला काही आठवडे राष्ट्रपतिपदाची कार्ये पाहत होते. पुढे १९७९ मध्ये तेच उपराष्ट्रपती झाले.

उपराष्ट्रपतिपदच रिक्त झाले तर काय, याचे उत्तर संविधानात अपुरे आहे. निवडणूक शक्य तितक्या लवकर घ्यावी, एवढेच अनुच्छेद ६८ सांगतो. ठरावीक मुदत नाही आणि हंगामी उपराष्ट्रपतींचीही सोय नाही. २१ जुलै २०२५ रोजी जगदीप धनखड यांनी राजीनामा दिल्यावर उपसभापतींनी केवळ सभागृहाचे काम पाहिले. निवडणुकीची कालमर्यादा संविधानातच घालणे आवश्यक आहे.